फ्रायबुर्गची सूक्ष्मप्रणाली संस्था आणि द्रवाची प्रकाशिकी

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ वनप्रदेशाच्या पायथ्याशी वसलेल्या फ्रायबुर्ग शहराच्या विद्यापीठाची स्थापना १४५७ सालची. धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक आणि तत्त्वज्ञान या चार जुन्या विद्याशाखांवर उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाला अभियांत्रिकीची स्वतंत्र विद्याशाखा मात्र ५३८ वर्षांनंतर, १९९५ मध्ये मिळाली. आरंभी उपयोजित विज्ञान विद्याशाखा या नावाने आणि पुढे तंत्रविद्याशाखा या नावाने ओळखल्या गेलेल्या या विभागात प्रारंभापासून दोनच विषयांना स्थान होते, संगणकशास्त्र आणि सूक्ष्मप्रणाली अभियांत्रिकी. स्थापत्य, यंत्र, विद्युत अशी रूढ उतरंड न मांडता विद्यापीठाने त्या काळी नुकत्याच आकाराला येत असलेल्या एका तरुण शास्त्रासाठी पूर्ण संस्था उभारली, हा निर्णय धाडसाचा होता आणि त्यामागे दूरदृष्टी होती, असे आज मागे वळून पाहताना निःसंकोच म्हणता येते. ही संस्था तिच्या जर्मन नावाच्या आद्याक्षरांवरून ‘इम्टेक’ या नावाने जगभर परिचित आहे. शहराच्या विमानतळालगत वसवलेल्या तिच्या परिसरातील मुख्य रस्त्याला जॉर्ज क्योलर यांचे नाव आहे. एकाच प्रकारच्या पेशींपासून मिळणाऱ्या प्रतिपिंडांच्या शोधासाठी १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे आणि फ्रायबुर्गच्याच माक्स प्लांक संस्थेत काम करणारे हे शास्त्रज्ञ विद्याशाखा सुरू झाली त्याच वर्षी निवर्तले.

सूक्ष्मप्रणाली म्हणजे काय, हे येथे सांगून ठेवणे आवश्यक आहे. संगणकाच्या चिपा घडवताना सिलिकॉनच्या पातळ चकत्यांवर प्रकाशाच्या साहाय्याने नक्षी उमटवून, नको तो भाग रसायनांनी कोरून काढण्याची जी रीत वापरली जाते, तीच रीत विद्युतमंडलांऐवजी हलणाऱ्या वस्तूंसाठी, म्हणजे तरफा, झडपा, पंप, आरसे, दाब मोजणारी पटले यांच्यासाठी वापरली, तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या अचूकतेने काम करणारी यंत्रे एकाच चकतीवर शेकड्यांनी तयार होतात. मोटारीतील हवेची सुरक्षा-पिशवी योग्य क्षणी फुगवणारा संवेदक आणि हातातील मोबाइल आडवा धरल्यावर पडदा फिरवणारा संवेदक ही या शास्त्राची घरोघरी पोचलेली फळे होत. इम्टेकने या शास्त्राची विभागणी सुमारे वीस प्राध्यापकपदांत केली आणि त्यात संवेदक, कारक यंत्रणा, सूक्ष्मद्रवशास्त्र, पृष्ठभागांचे रसायन, पदार्थविज्ञान, संगणकीय प्रतिकृती आणि प्रकाशिकी हे विषय समान दर्जाने शेजारी शेजारी ठेवले. या शेजाराचे महत्त्व वरवर पाहता लक्षात येत नाही. परंतु ज्या कामासाठी ही संस्था प्रकाशिकीच्या जगात ओळखली जाते, ते काम द्रव, पातळ पटल, विद्युतबल आणि प्रकाश या चार विषयांच्या सीमारेषेवरचे आहे, आणि चारही विषयांचे जाणकार एकाच इमारतसमूहात नसते तर ते अर्धवट राहिले असते.

संस्थेच्या आरंभीच्या प्राध्यापकांपैकी वोल्फगांग मेंत्स हे कार्ल्सरूहच्या संशोधन केंद्रातून आले होते, आणि त्यांच्याबरोबर एक परंपराही आली. कार्ल्सरूहला १९८० च्या दशकात युरेनियमची समस्थानिके वेगळी करण्यासाठी लागणारी अतिसूक्ष्म तोंडाची नलिका बनवताना ‘लिगा’ ही पद्धत विकसित झाली होती. क्ष-किरणांनी जाड प्लास्टिकवर नक्षी उमटवणे, त्या खाचांत विद्युत-विलेपनाने धातू भरणे आणि त्या धातूच्या साच्यावरून पुन्हा प्लास्टिकचे अनेक तुकडे ओतून काढणे, या तीन पायऱ्यांच्या जर्मन नावांची आद्याक्षरे जोडून हे नाव बनले. सिलिकॉनपलीकडचे पदार्थ, विशेषतः प्लास्टिक आणि धातू, सूक्ष्म प्रमाणावर घडवता येतात हा विश्वास या पद्धतीने जर्मन अभियंत्यांना दिला, आणि पुढे मऊ पटलांची व द्रवाची भिंगे बनवताना हाच विश्वास कामी आला.

द्रवाने प्रकाश वळवण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे यांनी १६९६ मध्येच पाण्याच्या थेंबाचा सूक्ष्मदर्शक वर्णन केला होता. विसाव्या शतकात, १९५३ मध्ये, अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी दुर्बिणीत येणाऱ्या ताऱ्यांची प्रतिमा वातावरणामुळे जी थरथरते, ती निरीक्षण चालू असतानाच सुधारण्याची योजना मांडली. या योजनेला पुढे अनुकूली प्रकाशिकी हे नाव मिळाले. दूरच्या ताऱ्याकडून येणाऱ्या प्रकाशलहरींची आघाडी, म्हणजे तरंगाग्र, मुळात कापडाच्या ताणलेल्या पटासारखी सपाट असते. वातावरणातील उष्ण-थंड थरांतून येताना तिला सुरकुत्या पडतात, आणि त्या सुरकुत्या मोजून त्यांच्या अगदी उलट आकाराचा आरसा क्षणोक्षणी घडवता आला तर परावर्तित होणारी लहर पुन्हा सपाट होते. विशेष हे की, बॅबकॉक यांनी सुचवलेला आरसा घन नव्हताच. चित्रपटगृहात दूरचित्रवाणीचे चित्र मोठ्या पडद्यावर पाडण्यासाठी झुरिकमध्ये फ्रिट्झ फिशर यांनी १९३९ च्या सुमारास शोधलेल्या ‘आयडोफोर’ या यंत्रात तेलाच्या पातळ थरावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून त्यात उंचसखलपणा निर्माण केला जाई, आणि बॅबकॉक यांनी तीच तेलाची साय आरशावर पसरण्याची कल्पना केली होती. अनुकूली प्रकाशिकीचा जन्मच अशा रीतीने द्रवाच्या कल्पनेतून झाला. ती प्रत्यक्षात आली तेव्हा मात्र द्रव मागे पडला. १९८९ मध्ये युरोपीय खगोलशास्त्रज्ञांनी फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत खगोलशास्त्रासाठीची पहिली यशस्वी प्रणाली चालवली ती घन आरशाच्या मागे लावलेल्या कारक खुंट्यांच्या बळावर. द्रव आवरणे, भरणे, सील करणे आणि त्याला हवा तेवढाच हलवणे यासाठी लागणारी कारागिरी त्या काळी कोणाजवळ नव्हती. फ्रायबुर्गचे योगदान या कारागिरीचे आहे.

लहान आकार द्रवाला इतका अनुकूल का, याचे उत्तर भौतिकशास्त्रातील एका साध्या तुलनेत आहे. द्रवाच्या पृष्ठभागावर दोन बले परस्परविरोधी काम करतात. गुरुत्वाकर्षण द्रवाला खाली ओढून सपाट करू पाहते, तर पृष्ठताण त्याचा पृष्ठभाग आक्रसून गोल करू पाहतो. वजन आकारमानाबरोबर वाढते, म्हणजे लांबीच्या घनाच्या प्रमाणात, तर पृष्ठताणाचे बल केवळ लांबीच्या प्रमाणात. त्यामुळे एका ठराविक आकाराखाली गेले की पृष्ठताण वरचढ ठरतो. पाण्यासाठी ही सीमा सुमारे २.७ मिलिमीटर आहे. अळूच्या पानावरचा लहान थेंब मोत्यासारखा गोल दिसतो आणि ताटात सांडलेले पाणी पसरते, त्यामागे हेही कारण आहे. याची दुसरी बाजू भारतीय वाचकांना जवळची आहे. उत्तराखंडातील देवस्थळ येथे २०२२ मध्ये कार्यान्वित झालेल्या ४ मीटर व्यासाच्या आंतरराष्ट्रीय द्रव-आरसा दुर्बिणीत पारा भरलेले तबक संथपणे फिरवले जाते, आणि गुरुत्व व केंद्रोत्सारी बल यांच्या मेळातून पाऱ्याचा पृष्ठभाग आपोआप अचूक अन्वस्ताकार घेतो. तेथे गुरुत्व शिल्पकार आहे. मात्र अशी दुर्बीण फक्त माथ्यावरच्या आकाशाकडेच रोखलेली राहते. सूक्ष्म भिंगांत गुरुत्व हा शत्रू असतो, कारण भिंग उभे धरले की द्रवाचे वजन खालच्या कडेवर येऊन पटल खालच्या बाजूला अधिक फुगते आणि प्रतिमेतील बिंदू धूमकेतूसारखा शेपूट धारण करतो. म्हणून भिंग लहान करणे, पटलाचा ताण योग्य राखणे, किंवा पटलाच्या दोन्ही बाजूंना सारख्या घनतेचे द्रव ठेवणे असे उपाय योजावे लागतात.

इम्टेकमधील सूक्ष्मप्रकाशिकीचे अध्यासन गिझेला आणि एर्विन झिक या दांपत्याच्या नावाने आहे. एर्विन झिक यांनी १९४६ मध्ये सुरू केलेला आणि पुढे फ्रायबुर्गजवळच्या वाल्डकिर्श येथे स्थिरावलेला उद्योग प्रकाशाने चालणाऱ्या संवेदकांसाठी प्रसिद्ध आहे. कारखान्यातील यंत्रासमोर प्रकाशाचा अदृश्य पडदा उभा करून कामगाराचा हात त्यात शिरताच यंत्र थांबवणारी सुरक्षा-व्यवस्था ही त्यांची ख्यात निर्मिती. अध्यासनाला मिळालेले हे नाव केवळ देणगीचा उल्लेख नाही. प्रकाशाचा उपयोग मोजमापासाठी आणि माणसाच्या रक्षणासाठी करण्याची या परिसराची जी औद्योगिक परंपरा आहे, तिच्याशी संशोधनाचा धागा त्यातून जोडला गेला. या अध्यासनावर सन २००० मध्ये हान्स झाप्पे यांची नियुक्ती झाली. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून पीएच.डी. मिळवलेल्या झाप्पे यांनी त्याआधी झुरिकमध्ये अर्धवाहक लेसरांवर आणि एकाच चिपवर सामावलेल्या प्रकाशिकीवर काम केले होते. द्रव हा त्यांच्या मूळ अभ्यासाचा विषय नव्हता.

तरीही २००५ मध्ये त्यांनी आणि आर्मिन वेर्बर यांनी ‘अप्लाइड ऑप्टिक्स’ या नियतकालिकात बदलत्या नाभीय अंतराच्या सूक्ष्मद्रव भिंगांवरचा निबंध प्रसिद्ध केला, आणि संस्थेतील द्रव-प्रकाशिकीचा प्रवाह तेथून ठळक झाला. त्या भिंगाची रचना सांगायला सोपी आहे. सिलिकॉनच्या तुकड्यात एक पोकळी कोरायची, तिच्या तोंडावर सिलिकोन रबराचे, म्हणजे पॉलिडायमिथिलसिलॉक्सेन या पारदर्शक, लवचिक पदार्थाचे काही दहा मायक्रोमीटर जाडीचे पटल ताणून बसवायचे, आणि आतल्या द्रवाचा दाब कमीजास्त करायचा. दाब वाढला की पटल बहिर्गोल होते आणि भिंग अधिक शक्तिमान बनते, दाब उतरला की ते सपाट होते, आणि आणखी उतरला की अंतर्गोल होते. मानवी डोळ्यातील भिंगही सभोवतीच्या स्नायूंच्या हालचालीने अशीच आपली वक्रता बदलते. कॅमेऱ्यातील काचेची भिंगे जवळचे-दूरचे दृश्य टिपण्यासाठी पुढेमागे सरकवावी लागतात, त्यासाठी मोटार आणि जागा लागते. हे भिंग जागचे हलत नाही, फक्त आकार बदलते.

सांगायला सोपी असलेली ही रचना घडवायला मात्र अतिशय कठीण होती, आणि या कठीणपणातच संस्थेचा खरा इतिहास आहे. पोकळी भरताना हवेचा एक बुडबुडा अडकला तरी भिंग निकामी होते. सिलिकोन रबर वायूंना आणि वाफेला आरपार जाऊ देते, त्यामुळे पाणी भरले तर ते हळूहळू उडून जाते. तेल भरले तर अनेक तेले रबरातच मुरून त्याला फुगवतात. तापमान वाढले की द्रव प्रसरण पावतो आणि कोणी आज्ञा न देताच नाभीय अंतर बदलते. पटलाची जाडी एका ठिकाणी किंचित कमी झाली तर तेथे ते अधिक फुगते आणि प्रतिमा वाकडी येते. या प्रत्येक अडचणीचे उत्तर वेगळ्या प्रयोगशाळेच्या दारात होते: पटल कसे ओतायचे याचे उत्तर पदार्थविज्ञानाकडे, रबर आणि सिलिकॉन घट्ट कसे चिकटवायचे याचे पृष्ठभाग-रसायनाकडे, बुडबुडा न अडकवता वाहिनी कशी भरायची याचे सूक्ष्मद्रवशास्त्राकडे. या शेवटच्या विषयात रोलांड त्सेंगेर्ले यांच्या प्रयोगशाळेने रक्ततपासणीसारख्या कामांसाठी फिरत्या तबकड्यांवर द्रवाचे थेंब नेमके हलवण्याचे जे ज्ञान साठवले, ते या संस्थेच्या सामाईक भांडवलाचा भाग बनले. अशा संस्थांत गाजतात ते निबंध. परंतु चिकटवण्याच्या, भरण्याच्या आणि सील करण्याच्या या कामांवरच निबंध उभे राहतात, आणि इतिहास लिहिताना त्यांना पहिल्या पंगतीत बसवणे न्याय्य आहे.

दाब देण्यासाठी बाहेरून हवेची नळी जोडणे प्रयोगशाळेत चालते, उपकरणात चालत नाही. म्हणून भिंगाच्याच अंगात पंप बसवण्याकडे लक्ष वळले, आणि येथे उलरिके वालराबे यांच्या सूक्ष्मकारक प्रयोगशाळेचे नाव आदराने घ्यावे लागते. कार्ल्सरूहच्या संशोधन केंद्रात लिगा पद्धतीवर दीर्घकाळ काम करून २००३ मध्ये त्या फ्रायबुर्गला आल्या. त्यांच्या गटाने दाबविद्युत पदार्थाच्या, म्हणजे विद्युतदाब दिला की आकार बदलणाऱ्या चिनीमातीसदृश पदार्थाच्या चकत्या भिंगाच्या कडेला बसवून द्रव ढकलण्याची सोय भिंगातच केली. पुढे याच प्रयोगशाळेत मथियास वाप्लर यांच्यासमवेत रबराऐवजी अतिशय पातळ काचेचे पटल वापरण्यात आले. काचेच्या कडेला दोन्ही बाजूंनी दाबविद्युत कडी चिकटवून त्यांना वेगवेगळा विद्युतदाब दिला की पटलाची वक्रता तर बदलतेच, शिवाय ती गोलाकारापासून किती ढळावी हेही नियंत्रित होते. गोल पृष्ठभागाचे भिंग कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूत आणू शकत नाही, हा गोलीय विपथनाचा दोष प्रकाशिकीच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकवला जातो. तो दोष चालू भिंगातच दुरुस्त करता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

याच काळात इतरत्र दुसरा मार्ग विकसित होत होता. फ्रान्समध्ये गाब्रिएल लिपमान यांनी १८७५ मध्ये विद्युतदाबाने पाऱ्याचा पृष्ठताण बदलतो हे दाखवले होते. ब्रुनो बेर्ज यांनी १९९३ मध्ये द्रव आणि विद्युतअग्र यांच्यामध्ये पातळ निरोधक थर घालून हा परिणाम टिकाऊ आणि उपयुक्त बनवला. विद्युतदाबाने द्रवाची भिंतीला चिकटण्याची वृत्ती बदलते, थेंबाची कड वर-खाली सरकते आणि पाणी व तेल यांच्यामधला पृष्ठभाग पटलाशिवायच वक्र होतो. ल्योनमध्ये या तत्त्वावर उद्योग उभा राहिला आणि २००४ मध्ये फिलिप्सने अशाच प्रकारचे भिंग हॅनोवरच्या प्रदर्शनात मांडले. फ्रायबुर्गने हाही मार्ग अभ्यासला, पण आपल्या पद्धतीने: डॅनियल कॉप आणि झाप्पे यांनी २०१६ मध्ये नळीच्या आतल्या भिंतीवर कडेने अनेक विद्युतअग्रे लावून, प्रत्येकाला वेगळा विद्युतदाब देऊन, अस्टिग्मॅटिझम म्हणजे उभ्या आणि आडव्या रेषांसाठी वेगवेगळा नाभीय बिंदू निर्माण करणारा दोष मुद्दाम घडवता आणि पुसता येणारे द्रव भिंग दाखवले. नुसते जवळ-दूर करणाऱ्या भिंगापासून प्रकाशाच्या आकाराला हवे तसे वळण देणाऱ्या भिंगाकडे जाण्याचा हा टप्पा होता.

या सगळ्या प्रयत्नांना एका सूत्रात ओवण्याचे काम जर्मन संशोधन प्रतिष्ठानाच्या ‘सक्रिय सूक्ष्मप्रकाशिकी’ या प्राधान्य कार्यक्रमाने केले, ज्यात देशभरातील गट सहभागी झाले आणि ज्याचे समन्वयन फ्रायबुर्गहून झाप्पे यांनी केले. त्यांचे सूक्ष्मप्रकाशिकीचे पाठ्यपुस्तक केंब्रिज विद्यापीठ प्रकाशनाने २०१० मध्ये, तर क्लाउडिया दुप्पे यांच्यासह संपादित केलेला परिवर्तनीय सूक्ष्मप्रकाशिकीवरचा ग्रंथ २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. उपयोगाच्या दृष्टीने याच काळातील एक काम उल्लेखनीय आहे: खालेद अल्जासेम आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाबावर चालणारे द्रव भिंग आणि किरण फिरवणारा सूक्ष्म आरसा यांची सांगड घालून दुर्बिणीने पोटात पाहण्याच्या तपासणीसाठी ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफीचे, म्हणजे ओसीटीचे, टोक तयार केले. नेत्रतज्ज्ञांच्या दवाखान्यांत दृष्टिपटलाचे थर पाहण्यासाठी जी ओसीटी तपासणी होते, तिचेच तत्त्व शरीराच्या आतल्या पोकळीत नेण्याचा हा प्रयत्न होता, आणि तेथे काचेची भिंगे सरकवायला जागाच नसल्यामुळे द्रवाला पर्याय नव्हता.

या पायावर २०१८ मध्ये जे घडले ते संस्थेच्या या प्रवाहातील सर्वांत महत्त्वाचे काम म्हणावे लागेल. त्याची पार्श्वभूमी सूक्ष्मदर्शकाची आहे. खगोलशास्त्रात जे वातावरण करते, तेच जीवशास्त्रात ऊतक करते. मेंदूच्या तुकड्यात काही शतांश मिलिमीटर खोल पाहू लागताच पेशी, चरबी आणि पाणी यांच्या वेगवेगळ्या अपवर्तनांकांमुळे तरंगाग्राला सुरकुत्या पडतात आणि प्रतिमा धुरकट होते. या सुरकुत्यांचे वर्णन करण्यासाठी डच शास्त्रज्ञ फ्रिट्स झेर्निके यांनी १९३४ मध्ये दिलेली बहुपदींची मालिका वापरतात. त्यातील प्रत्येक बहुपदी म्हणजे विपथनाचा एक मूळ आकार, आणि कोणतीही वाकडी लाट या आकारांची बेरीज म्हणून मांडता येते. दुरुस्तीसाठी तोवर बहुतेक ठिकाणी आकार बदलणारे आरसेच वापरले जात. रॉचेस्टर येथे १९९७ मध्ये जिवंत माणसाच्या दृष्टिपटलातील एकेक शंकुपेशी अशाच आरशाच्या मदतीने दिसली, आणि डेल्फ्टमध्ये १९९० च्या दशकात सिलिकॉनमधून कोरलेले पटल-आरसे तयार झाले. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेबरोबर पालोमारच्या १.५ मीटर दुर्बिणीसाठी उभारलेल्या ‘रोबो-एओ’ या स्वयंचलित प्रणालीतही असाच सूक्ष्मप्रणालीने घडवलेला आरसा होता. परंतु आरशाची एक मूलभूत अडचण आहे: तो प्रकाश परत फिरवतो. चालू सूक्ष्मदर्शकात आरसा घालायचा तर किरणांचा मार्ग तोडून, दुमडून, आणखी भिंगे लावून पुन्हा जुळवावा लागतो. म्हणजे जवळपास नवा सूक्ष्मदर्शकच उभारावा लागतो. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांतून अनुकूली प्रकाशिकी सर्रास रुजली नाही, याचे मोठे कारण हेच आहे.

कौस्तुभ बॅनर्जी, पूया राजाईपूर, चागलार अतामान आणि हान्स झाप्पे यांनी २०१८ मध्ये ‘अप्लाइड ऑप्टिक्स’मध्ये जे उपकरण मांडले, ते आरशाऐवजी आरपार दिसणारे होते. काचेच्या तळावर पारदर्शक वाहक पदार्थाची अनेक विद्युतअग्रे, त्यांच्यावर पारदर्शक द्रवाचा पातळ थर, आणि वर पातळ बहुवारिक पटल. प्रकाश खालून शिरतो, द्रवातून जातो आणि वरून बाहेर पडतो. जेथे पटल खाली ओढले गेले तेथे द्रवाचा थर पातळ होतो आणि प्रकाश थोडा आधी पुढे जातो. जेथे पटल वर आले तेथे थर जाड होतो आणि प्रकाश मागे रेंगाळतो, आणि अशा रीतीने तरंगाग्राला हवी ती उंचसखल घडी देता येते. स्थिरविद्युत बल फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. पण पोकळी पूर्ण भरलेली आणि बंद असते, आणि द्रव दाबून लहान होत नाही. म्हणून एका जागी पटल ओढले की तेथला द्रव दुसरीकडे जातो आणि तेथे पटल आपोआप वर उचलले जाते. केवळ ओढणाऱ्या बलातून ओढणे आणि ढकलणे या दोन्ही क्रिया साधणारी ही युक्ती द्रवाशिवाय शक्यच नव्हती. ज्या द्रवाला भरताना आणि सील करताना वर्षानुवर्षे अडथळा मानावे लागले, तोच द्रव येथे यंत्रणेचा कर्ता झाला.

उपकरणाच्या वर्तनात मागचे काही रेंगाळत नसल्यामुळे, म्हणजे तोच विद्युतदाब पुन्हा दिला की तोच आकार पुन्हा मिळत असल्यामुळे, प्रत्येक वेळी तरंगाग्र मोजून दुरुस्ती करण्याची गरज उरली नाही. कोणत्या आकारासाठी कोणत्या विद्युतअग्राला किती विद्युतदाब द्यायचा हे आधीच गणिताने ठरवून आज्ञा देण्याची रीत २०१९ मध्ये विकसित झाली. बल विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि शेजारची विद्युतअग्रे एकमेकांवर परिणाम करतात, त्यामुळे हे गणित सरळ नव्हते. पुढच्याच वर्षी या गटाने अशी उपकरणे एकामागून एक रचून दुरुस्तीची क्षमता वाढवता येते हे दाखवले. आरशांच्या बाबतीत असे रचणे म्हणजे किरणमार्गाला पुन्हा पुन्हा वळणे देणे. पारदर्शक थर मात्र चष्म्याच्या काचांसारखे एकावर एक ठेवता येतात. मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे: द्रवाला हलायला वेळ लागतो, म्हणून वातावरणातील बदलांचा सेकंदाला शेकडो वेळा पाठलाग करणाऱ्या दुर्बिणींत आरशाची जागा हे उपकरण घेणार नाही. ऊतकामुळे येणारे विपथन मात्र स्थिर किंवा अतिशय संथ असते, आणि तेथे द्रवाचा हा संथपणा आड येत नाही. कोणत्या कामाला कोणता पदार्थ, याची ही निवड अचूक होती.

कागदावरचे संशोधन विकत घेता येईल अशा वस्तूत उतरणे ही अभियांत्रिकीच्या संस्थेची खरी कसोटी असते. या संशोधनातून फ्रायबुर्गमध्येच ‘फेझफॉर्म’ ही कंपनी उभी राहिली आणि ६३ विद्युतअग्रांचे, १० मिलिमीटर छिद्राचे उपकरण तिने बाजारात आणले. इन्सब्रुकच्या वैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी, फ्रायबुर्गच्या सहकाऱ्यांसह, २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात बहुफोटॉन सूक्ष्मदर्शकात, म्हणजे दोन किंवा अधिक प्रकाशकण एकाच वेळी शोषले गेल्यावरच चमकणाऱ्या रेणूंच्या आधारे खोलवर पाहणाऱ्या यंत्रात, या प्रकारचे द्रव उपकरण बसवून विपथनाची दुरुस्ती केली. हे शास्त्र शिकू इच्छिणाऱ्यांसाठी इम्टेकमध्ये सूक्ष्मप्रणाली अभियांत्रिकीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमातूनही चालतो. भारतातील अभियांत्रिकी पदवीधरांनी, विशेषतः यंत्र, उपकरण आणि रसायन शाखांच्या विद्यार्थ्यांनी, या संस्थेचे द्रव-प्रकाशिकीवरचे निबंध मुळातून वाचावेत.